मृगाआधीचा शनिवार

सकाळी साडेआठ

शटर वर गेलं की पहिलं काम कॉम्प्रेसरचं. टाकीच्या तळाशी पाणी साचतं, ते खालचा कॉक उघडून सोडायचं. नाहीतर तेच पाणी दिवसभर गिऱ्हाइकांच्या टायरात जातं. मामा हे काम दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. बाबांच्या वेळेपासून ते इथे आहेत. दुकान माझ्या नावावर झालं, पण कॉम्प्रेसर अजून त्यांचाच आहे.

दुकान नऱ्ह्यात, नवले पुलाजवळ. इथून एका बाजूला खडकवासला-पानशेत, दुसऱ्या बाजूला महामार्गाने खेड-शिवापूर, नसरापूर आणि पुढे वेल्हे नाहीतर भोर. सुट्टीच्या दिवशी डोंगरात शिरणाऱ्या कितीतरी गाड्या दारावरूनच जातात. मृग तोंडावर आलाय, त्यामुळे वर्षभर टायरकडे ढुंकून न बघणाऱ्यांनाही आता टायर आठवतो. बहुतेकांना तो वळवाच्या पहिल्या सरीत, ब्रेक दाबूनही गाडी चार हात पुढे सरकली की आठवतो.

भवानी दुधाच्या पिकअपने केली. मागच्या चाकात पत्र्याचा तुकडा. दूध उतरवून आला होता म्हणून घाई नव्हती, तेव्हा टायर रिमवरून उतरवून आतून पॅच लावला. घाईतला माणूस बाहेरून दोरी ठोकून घेतो आणि तीच कायमची समजतो.

सव्वानऊ

काल रात्री माल आला, तो रचायचाय. रचण्याआधी प्रत्येक टायरची जन्मतारीख बघते. साइडवॉलवर डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ०९२६ म्हणजे २०२६ चा नववा आठवडा. गिऱ्हाईक भाव तासभर घासतं, पण हे चार आकडे वाचायचे कष्ट फार थोडे घेतात. मी होऊन दाखवते. दाखवल्यावर ते पुढच्या दुकानातही बघतात, हा माझा तोटा असेल तर असो.

दहा

नवरा-बायको आणि २०१९ ची डस्टर. हे जुनं मॉडेल बनायचं थांबलं, तरी घाटात हिंडणाऱ्यांनी ते सोडलेलं नाही. त्याने खिशातून फोन काढला आणि फोटो दाखवला: चिखलाने माखलेली गाडी, जाडजूड दातेरी टायर, कडेला पांढरी अक्षरं.

"ताई, असे बसवायचेत. ऑल टेरेन."

"बसवू की. जाता कुठे?"

"ट्रेल्सना. ऑफ-रोडच म्हणा ना."

या उत्तराने मला काही कळत नाही. मी गेज घेतला आणि गाडीभोवती फिरले. जुना टायर काढायच्या आधी तो वाचायचा, हा बाबांचा शिरस्ता. माणूस सांगतो त्याला कुठे जायला आवडेल ते. गाडी खरोखर कुठे गेली ते टायरवर लिहिलेलं असतं.

या चार टायरांवर काय होतं सांगते. डॉटचा आकडा ३११९, म्हणजे गाडीबरोबर आलेलेच टायर, सातव्या वर्षात. पुढच्या दोघांची नक्षी दोन मिलिमीटरच्या जरा वर, मागच्यांची साडेतीन. पुढचं चाक ओढतं, वळतं आणि ब्रेकचा भारही तेच जास्त घेतं, तेव्हा हे अपेक्षित. पण पुढच्या टायरांच्या दोन्ही कडा मध्यापेक्षा जास्त घासलेल्या: हवा बरीच वर्षं कमी राहिली. जास्त राहिली असती तर मधला पट्टा आधी गेला असता. मागच्या टायरांच्या खाचांत बारीक खडी अडकलेली, खडीबरोबर तांबूस मुरूम. मधल्या पट्ट्यावर छोटे छोटे टवके उडालेले, पण साइडवॉल चारही स्वच्छ. एकही काप नाही, घासल्याची खूण नाही.

म्हणजे ही गाडी चिखलात रुतलेली नाही, कातळावर चढलेली नाही. डांबर, डांबर, डांबर आणि शेवटी गावापासून गडाच्या पायथ्यापर्यंतचा मुरुमाचा तुकडा. मी बाईंना विचारलं, कारण अशा वेळी खरं तिकडून येतं.

"राजगडाला जातो, गुंजवण्यापर्यंत," त्या म्हणाल्या. "केळदला मढे घाटाच्या तोंडाशी. पाऊस सुरू झाला की महिन्यातून एखाद वेळा. बाकी रोज हिंजवडी."

"अगं, पण मागे आपण..." नवऱ्याने सुरुवात केली.

"तिथे आपण गाडी ठेवून चालत गेलो होतो."

आता इथे दुकानदाराने काय करावं? ऑल टेरेन महाग, नफा जास्त, गिऱ्हाईक स्वतःच मागतंय. गुपचूप बसवून टाकावेत. बरेच जण तेच करतात आणि त्यात बेकायदा काही नाही. पण ओल्या घाटात ही गाडी चार माणसं घेऊन उतरणार आहे.

रस्त्याचा टायर, ज्याला एचटी म्हणतात, त्याच्या नक्षीत रबराचे पट्टे सलग असतात, त्यांवर बारीक चिरा, आणि लांबीला जाणाऱ्या तीन-चार खोल खाचा. ओल्या डांबरावर पाणी त्या खाचांतून निघून जातं आणि चिरांच्या कडा रस्त्याला धरतात. ऑल टेरेनमध्ये रबराचे सुटे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये रुंद मोकळी जागा. ठोकळा खडीत रुततो, माती पकडतो. रबर टवके उडू नयेत अशा बेताचं असतं. पण तेवढ्याच रुंदीच्या टायरात मोकळी जागा वाढली की डांबराला टेकणारं रबर कमी होतं. ओल्या डांबरावर ब्रेक जरा लांब लागतो, टायर वजनाला जड, गाडी थोडं जास्त पेट्रोल पिते आणि ऐंशीच्या पुढे घुंऽऽ असा आवाज येतो. हिंजवडीच्या वाटेवर ऐंशी कधी होणार, हा वेगळा प्रश्न. एमटी, म्हणजे निव्वळ चिखलाचा टायर, याचं तर नावच काढायला नको. रोजच्या गाडीला तो शिक्षा आहे.

मधली एक जात हल्ली मिळते. नाव ऑल टेरेनचं, पण मधला पट्टा जवळजवळ सलग आणि ठोकळे फक्त कडांना. खऱ्या चिखलात ही नक्षी लवकर भरते. पण मुरुमावर, सुट्या खडीवर, गवताच्या उतारावर एचटीपेक्षा नक्कीच बरी, आणि ओल्या डांबरावर फारसं गमवावं लागत नाही. आपल्याकडचा सुटा मुरूम चढावर बाजरी सांडलेल्या फरशीसारखा वागतो; तिथे कडांचे ते ठोकळे कामाला येतात.

दोन्ही टायर शेजारी शेजारी उभे केले आणि बाईंना हात फिरवून बघायला सांगितलं. बोटांना फरक कळतो. माझं मत विचारलंत तर या गाडीला चांगला एचटी पुरेसा आहे, हे मी सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. मग दोघांनी मिळून मधला घेतला. मला पटलं. हौसेलाही मोल असतं, फक्त ते ब्रेकमधून वळतं होऊ नये.

माप मात्र बदलू दिलं नाही. २१५/६५ आर १६, कंपनीचं तेच. पुढे ९८ एच: ९८ हा भाराचा आकडा, एका टायरमागे ७५० किलो, एच म्हणजे ताशी २१० पर्यंतचा वेग. वेगाचं अक्षर टी आलं, म्हणजे १९०, तरी आपल्या रस्त्यांवर गाडी उडणार नाहीये. पण कंपनीने जे अक्षर दिलंय त्याखाली मी जात नाही. भाराच्या आकड्यावर तर घासाघीस नाहीच. पाच माणसं, सामान आणि छतावर कॅरिअर टाकून माणसं कोकणात उतरतात.

"पुढचे दोनच बदलले तर?" त्याने शेवटचा प्रयत्न केला.

दोनच बदलायचे तर नवे मागे टाकायचे, जुने पुढे. हे कुणालाच पटत नाही. इंजिन पुढे, ओढ पुढे, मग नवे पुढे हवेत ना? पण ओल्या वळणावर पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते, ते तुम्हाला लगेच कळतं आणि पाय आपोआप सुटतो. मागचं घसरलं तर गाडी गरकन फिरते, आणि तेव्हा सावरायला वेळ नसतो. तसंही सातव्या वर्षातल्या रबरावर आणखी एक पावसाळा काढायची कल्पना मला आवडली नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहाव्या वर्षी नक्षी कितीही शिल्लक असो, काढाच, असं टायर कंपन्याच सांगतात. कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत चालवू देतो. खाचेत तळाशी आडवी उंच रेघ असते, टीडब्ल्यूआय, तिच्याशी नक्षी समतल झाली की संपलं. वरंध घाटात धो धो पावसात दोन मिलिमीटरवर कायदा तुमच्या बाजूने असतो, पाणी नसतं.

चारही बदलायचे ठरले.

पावणेबारा

मामांचं काम बघायला गिऱ्हाइकाने उभं राहावं असं मला वाटतं. बहुतेक जण काचेच्या खोलीत एसीत बसून फोन बघतात.

आधी व्हॉल्वची पिन काढून हवा सोडायची. मग मशीनचं पातं टायरच्या कडेवर दाबून बीड, म्हणजे रिमवर बसलेली ती कड, सोडवायचं. सात वर्षं चिकटलेलं बीड सुटताना खाडकन आवाज येतो. जुना टायर उतरला की रिमची बसकण तारेच्या ब्रशने साफ करायची, कारण गंजाची खपली राहिली तर तिथूनच हवा झिरपते आणि माणूस महिनाभर पंक्चर शोधत बसतो. व्हॉल्व नवा. वीस-पन्नास रुपयांची वस्तू. ती वाचवणारा हजारोंचा टायर बसवतो, याचं मला नवल वाटतं. नव्या टायरच्या बीडला साबणाचं पाणी. टायरवर पिवळा ठिपका असला तर तो त्याचा हलका भाग, तो व्हॉल्वशेजारी आणायचा, म्हणजे बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात. साइडवॉलवर बाण असेल तर फिरण्याची दिशा तीच. 'आउटसाइड' लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर. हवा भरताना बीड रिमला बसल्याचे दोन आवाज येतात, टप्प, टप्प. मामा दुसरा आवाज ऐकल्याशिवाय हात पुढे नेत नाहीत.

बॅलन्सिंग झालं, चाकं चढली. नट आधी हाताने, मग हवेच्या बंदुकीने हलके, आणि शेवटचा जोर टॉर्क पान्याने, समोरासमोरचे नट घेत. बंदुकीनेच आवळलेले नट रात्री पानशेतच्या रस्त्यावर, पावसात, हातातल्या पान्याने सुटत नाहीत.

हवा किती, हे ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नसतो. बाईंना एवढं सांगितलं: मुरुमाचा मोठा तुकडा असेल तर तिथे पोचल्यावर चार-पाच पीएसआय कमी करा, टायर जरा पसरतो, पकड वाढते, गाडी कमी आदळते. पण डांबरावर परत आल्यावर भरायची, लगेच. डिकीत बारा व्होल्टवर चालणारा छोटा पंप ठेवा. पांढऱ्या अक्षरांपेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

"आणि नायट्रोजन?"

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पंपावर फुकट भरतील तर भरा. पैसे देऊन नको.

दीड

डबा उघडेपर्यंत फोन. "ताई, २१५/६० आर १६ चा बेस्ट रेट?" बेस्ट टायर कोणता, हे विचारणारा फोन क्वचित येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, ते सगळ्यांना पाठ आहे. आपल्या टायरचा भाराचा आकडा कुणालाच माहीत नसतो. परदेशी ब्रँडचे ऑल टेरेन विचारणारेही असतात. जून २०२० मध्ये टायरच्या आयातीवर सरकारने बंधन घातलं, तेव्हापासून इथे बनत नाही ते मिळेलच याचा भरवसा नाही. इथेही काही वाईट बनत नाही. सिएट आपल्या नाशकात बनतो, ब्रिजस्टोनचा कारखाना इथे चाकणला आहे. एक टायर घाटात फाटला आणि जोडीचा मिळेना, तर ब्रँडचं काय करणार? मी आधी विचारते: हाच टायर तुम्हाला कोल्हापुरात, चिपळुणात मिळेल का?

भाकरी गार झाली. रोजचंच आहे.

तीन

ब्रेझा घेऊन पंचविशीतला एक मुलगा. गाडी उंच दिसायला हवी. कुणीतरी त्याला २३५/७० आर १६ सांगितलंय.

वाद घालत नाही, कागद घेते. त्याचं आताचं माप २१५/६० आर १६. रुंदी २१५ मिलिमीटर, साइडवॉल त्याच्या ६० टक्के, म्हणजे १२९. वर-खाली मिळून २५८. त्यात सोळा इंची रिमचे ४०६.४. उंची ६६४ मिलिमीटर. आता त्याचं स्वप्न: २३५ चे ७० टक्के १६४.५, दुप्पट ३२९, अधिक ४०६.४, ७३५. टायर ७१ मिलिमीटरने उंच, दहा टक्क्यांच्या वर. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चिखलरोधकाच्या अस्तराला घासणार, खड्ड्यात आत आदळणार. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८८ च्या पुढे असेल. इंजिनला पहिल्या गिअरमध्ये ओढ कमी, म्हणजे ज्या चढासाठी टायर घ्यायचा त्याच चढावर गाडी मरतुकडी. आणि उंची वाढली ७१, पण गाडीची पोटाखालची जागा वाढली निम्मीच.

"मग २१५/६५?"

तो हुशार निघाला, आकडेमोड स्वतः केली. ६८६. जेमतेम सव्वातीन टक्के. सर्वसाधारण तीन टक्क्यांच्या आत राहावं म्हणतात, तेव्हा हे काठावर. पोटाखाली एक सेंटीमीटर वाढतो. बसतो म्हणणारे आहेत. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या: नोंदलेल्या मापाबाहेर गेलास तर वॉरंटी आणि विमा, दोन्हीकडे प्रश्न विचारले जाऊ शकतात, आणि एका सेंटीमीटरने तू ज्या दगडावर अडणार होतास त्याच दगडावर अडशील. विचार करून येतो म्हणाला. येईल, इथे नाहीतर दुसरीकडे.

साडेचार

एका कुटुंबाची मोठी सात आसनी, माप २३५/६५ आर १७. डाव्या पुढच्या टायरला साइडवॉलवर लिंबाएवढा फुगा. महाडहून येताना खड्ड्याची कड लागली. आतले दोरे तुटले की हवा रबराला बाहेर ढकलते. त्याला पॅच नाही, रिसोल नाही, काही नाही. "पुण्यातच तर फिरायचंय" हे वाक्य मी रोज ऐकते. टायर उतरवून त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, आता तुम्हीच ठरवा.

स्टेपनी काढली तर ती अजून कंपनीची, कधी जमिनीला न लागलेली. दिसायला कोरी, पण आकडा २०१७ चा. न वापरलेलं रबरही म्हातारं होतं. ती तात्पुरती चालवा, नवी जोडी पुढच्या आठवड्यात. सगळ्यांना सांगायचं एक: नवीन गाड्यांत स्टेपनी बऱ्याचदा लहान मापाची, तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते, काहींत तर स्टेपनीच नसते, पंक्चर किट असतं. मुरुमाच्या वाटेवर टोकदार दगडाने साइडवॉल कापली तर ते किट हातात धरून बसायचं. डोंगरात जायचं असेल तर पाचवा टायर पूर्ण मापाचा हवा, यावर मी तडजोड करत नाही. ऑल टेरेन की एचटी, हा वाद नंतरचा.

सहा

भोरकडचे एक काका, जुनी बोलेरो, २१५/७५ आर १५. धोतर, टोपी, हातात पिशवी. शेत रस्त्यापासून आत, जनावरांचं खाद्य आणि खताच्या गोणी याच गाडीतून. टायर बघितले: साइडवॉलला जागोजागी ओरखडे, ठोकळ्यांच्या कडा फाटलेल्या, खाचांत सुकलेली काळी माती. दिवसभरात या दारात आलेला खरा ऑल टेरेनवाला हा एकटा. आणि हाच म्हणाला, "पोरी, स्वस्तातला दे. सोन्याचा थोडाच हवाय."

स्वस्तातला नाही दिला. टवके न उडणारं रबर आणि जाड साइडवॉल यांनाच हवी. हिशेब मांडला: एका टायरमागे हजार-बाराशे जास्त, पण दर उन्हाळ्यात टायर फाटणार नाही. त्यांनी दोन घेतले, दोन दिवाळीनंतर. मागच्या चाकांनाच, कारण बोलेरो मागून ढकलते.

"आन् काळ्या रानात चालंल का पावसात?"

नाही चालणार, हे खरं सांगितलं. काळी माती भिजली की कुठल्याही नक्षीत भरून बसते, दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत. त्यावर ते हसले. "मला ठावं हाय. तू काय म्हणतीस ते बघत हुतो. मी गाडी वरच ठेवतो, श्रावण संपेस्तवर."

मामांनी त्यांच्याकडून मजुरी निम्मीच घेतली. मला विचारलं नाही.

साडेसात

उतरवलेले टायर मागे रचलेत. एक टेम्पोवाला डस्टरचे मागचे दोन मागत होता: "साडेतीन हाय की अजून, ताई." सात वर्षांचं रबर दुसऱ्याच्या भारात घालायला मी देत नाही. मामांनी बीड कापून टाकलं, म्हणजे कुणी वापरणारच नाही. भंगारवाला सोमवारी येतो, किलोने नेतो. २०२२ पासून जुन्या टायरची विल्हेवाट लावायची जबाबदारी नियमाने कंपन्यांवर आलीय. माझ्या दारात अजून तोच वजनकाटा आणि तोच टेम्पो येतो.

डस्टरवाल्याचा मेसेज आलाय. फोटो: नवे टायर, पांढरी अक्षरं बाहेरच्या बाजूला, मागे कुठलातरी धाबा. खाली बाईंचा निरोप: पंप घेतला.

गल्ला मोजला, वितरकाला फोन लावला. २१५/६५ आर १६ एचटी आठ, मधल्या नक्षीचे चार. २१५/७५ आर १५ ऑल टेरेन दोन, काकांच्या दिवाळीसाठी आत्ताच नको, पण असेच आणखी येतील. २३५/६५ आर १७ ची जोडी, बुधवारच्या आत.

"माल आहे, ताई. ऑल टेरेनमध्ये थोडा जुना स्टॉक आहे, डिस्काउंट देतो."

"आठवडा सांगा."

त्याने कुणालातरी गोडाऊनमध्ये पिटाळलं. मी फोन धरून उभी राहिले.

"चव्वेचाळीस चोवीस."

"तो तिथेच राहू द्या. यंदाचा आला की पाठवा."